जीनोम वाचला, पण रायबोसोमची जनुके कोठे आहेत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीतील माशांच्या जीनोमवाचनावरचा लेख माहितीपूर्ण होता. मात्र एखाद्या जातीचा ‘संपूर्ण जीनोम’, म्हणजे तिच्या डीएनएचा सगळा क्रम, हाती आला की तिची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे प्रयोजन उरत नाही, असा जो त्याचा सूर होता, तो रायबोसोमच्या जनुकांपाशी तरी टिकत नाही.

पेशीतील प्रथिने रायबोसोमवर तयार होतात आणि रायबोसोमचा गाभा ज्या आरएनएंचा बनलेला असतो, त्यांची जनुके दोन निराळ्या कुळांतली आहेत. १८ एस, ५.८ एस आणि २८ एस (‘एस’ हे आरएनएच्या आकारमानाचा अंदाज देणारे एकक) ही तीन जनुके एकाच घटकात सलग बसलेली असतात. ४५ एस या नावाने ओळखला जाणारा हा घटक एकामागोमाग एक असा बहुधा शेकडो वेळा आवृत्त झालेला असतो आणि त्याच्याच भोवती केंद्रकी, म्हणजे पेशीकेंद्रातील रायबोसोम घडवणारा गोळा, आकार घेते. ५ एस हे जेमतेम १२० बेसजोड्यांचे (डीएनएच्या अक्षरांचे) जनुक असून त्याच्या आवृत्तींची रांग बहुतेक वेळा दुसऱ्याच गुणसूत्रावर असते. अडचण या आवृत्तींमध्येच आहे. एकाच मजकुराची शेकडो पाने फाडून त्यांचे तुकडे एकत्र मिसळले, तर मूळ पाने किती होती आणि कोणत्या वहीत होती हे तुकड्यांवरून सांगता येत नाही. डीएनएचे छोटे तुकडे वाचून ते जुळवणाऱ्या संगणकाचीही नेमकी हीच गत होते आणि शेकडो प्रती मिटून एक-दोनच उरतात. मानवी जीनोम २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले होते, तरी रायबोसोमची जनुके वाहणाऱ्या पाच गुणसूत्रांच्या आखूड भुजा भरून निघायला २०२२ साल उजाडले. माशांचे जे जीनोम आज उपलब्ध आहेत, त्यांपैकी बहुतेकांत ही जागा अजून धूसर आहे.

माशांच्या बाबतीत ही उणीव अधिक बोचते, कारण त्यांची गुणसूत्रे लहान असतात आणि सस्तन प्राण्यांच्या गुणसूत्रांवर उमटतात तसे स्पष्ट पट्टे त्यांच्यावर सहसा उमटत नाहीत. असंख्य जातींत गुणसूत्रांची संख्या ४८ किंवा ५० एवढीच असल्यामुळे नुसत्या मोजणीतूनही फारसे कळत नाही. अशा वेळी रायबोसोमच्या जनुकांची जागा हीच भरवशाची खूण ठरते. केंद्रकी घडवणारा गुणसूत्राचा भाग अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक यांनी १९३४ मध्ये मक्यात दाखवला. १९७५ पासून तो भाग सिल्व्हर नायट्रेटने रंगवता येऊ लागला. चांदीचा हा रंग फक्त आधीच्या अवस्थेत कार्यरत असलेल्या जागांवरच चढतो, त्यामुळे निद्रिस्त जागा सुटून जातात. चकाकणाऱ्या शोधक डीएनएने थेट जनुकाला जाऊन चिकटण्याची पद्धत आल्यावर ही त्रुटी दूर झाली, आणि खरे नवल तेव्हापासून दिसू लागले.

सर्वसाधारण चित्र असे की, ४५ एसची रांग गुणसूत्रांच्या एकाच जोडीवर, बहुधा टोकाशी असते, तर ५ एसची रांग दुसऱ्या जोडीवर, भुजेच्या आतल्या भागात असते. पण अपवादांची यादीच अधिक बोलकी आहे. अटलांटिक सामनमध्ये ही दोन्ही कुळे एकाच गुणसूत्रावर शेजारी नांदतात. रेनबो ट्राउटमध्ये ५ एसच्या जागांपैकी एक चक्क एक्स गुणसूत्रावर आहे. सामन कुळाच्या पूर्वजाचा संपूर्ण जीनोम काही कोटी वर्षांपूर्वी दुप्पट झाला होता, त्यामुळे या ट्राउटमध्ये ४५ एसच्याही दोन जोड्या सापडाव्यात अशी अपेक्षा कोणीही करील. प्रत्यक्षात तेथे एकच जोडी आहे. उलट त्याच कुळातल्या आर्क्टिक चारमध्ये अशा जागा अनेक आहेत, आणि त्या एकाच जातीच्या दोन माशांतही सारख्या असतील याची खात्री नाही. युरोपातील पाइक माशाने तर कहर केला आहे: त्याच्या ५० गुणसूत्रांपैकी तीसहून अधिक गुणसूत्रांच्या गुणसूत्रबिंदूंपाशी, म्हणजे दोन भुजा जिथे जोडल्या जातात तिथे, ५ एसची जनुके पसरली आहेत.

ही स्थलांतरे होतात कशी, याचे एकच उत्तर नाही. गुणसूत्रांची टोके अर्धसूत्री विभाजनाच्या (प्रजननपेशी तयार करणाऱ्या विभाजनाच्या) वेळी एकमेकांजवळ येतात, त्यामुळे टोकाशी असलेल्या ४५ एसच्या प्रती परक्या गुणसूत्रावर जाण्याची शक्यता वाढते, असे मानले जाते. उड्या मारणाऱ्या जनुकांचाही, म्हणजे जीनोममध्ये जागा बदलू शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांचाही, यात हात दिसतो. दक्षिण अमेरिकेतील एरिथ्रिनस माशात ५ एसचा फैलाव रेक्स-३ नावाच्या अशाच घटकासोबत झालेला आढळला आहे. मला यातली अधिक विलक्षण गोष्ट वाटते ती वेगळीच: जागा इतक्या अस्थिर असूनही एका जातीतल्या प्रती एकमेकींशी बऱ्याच अंशी समान राहतात. बेडकांच्या दोन जातींवरच्या १९७२ च्या अभ्यासात जनुके जवळजवळ सारखी आढळली, मात्र त्यांच्यामधला रिकामा डीएनए प्रत्येक जातीत आपल्यापुरता एकसारखा आणि दुसऱ्या जातीहून भिन्न होता. प्रती परस्परांना दुरुस्त करत एकत्रच बदलतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. मासे मात्र या नियमालाही पुरते बांधलेले नाहीत. सरोवरातील स्टर्जनमध्ये एकाच माशाच्या शरीरात १८ एसच्या भिन्न आवृत्त्या सापडतात, आणि अनेक माशांत ५ एसच्या रांगा दोन प्रकारच्या असतात. तेव्हा एखाद्या माशाच्या रायबोसोम-जनुकाचा एकच क्रम घेऊन त्यावरून वंशवृक्ष मांडणाऱ्याने, तो क्रम कोणत्या रांगेतला, हे आधी विचारले पाहिजे.

प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या झेब्राफिश या छोट्या माशाच्या उदाहरणाने हा प्रश्न केवळ वर्गीकरणापुरता नाही हे स्पष्ट होते. त्याच्या अंडपेशीतील रायबोसोमचे आरएनए आणि वाढलेल्या शरीरातील आरएनए वेगवेगळ्या जनुकांपासून येतात, आणि मातेकडून मिळणाऱ्या प्रकाराच्या ४५ एसची जागा चौथ्या गुणसूत्रावर आहे. रानटी वाणांत लिंगनिश्चितीशी जोडले गेलेले गुणसूत्रही हेच. जागा ठाऊक नसती, तर हा संबंध कोणाला सुचलाच नसता.

लांब तुकडे वाचणारी नवी यंत्रे ही उणीव हळूहळू भरून काढतील, याबद्दल मला शंका नाही. परंतु त्यांनी जुळवलेली रांग खरोखर त्या गुणसूत्रावर आहे की नाही, याची पडताळणी आजही काचपट्टीवरच होते, आणि काचपट्टीसाठी विभाजित होणाऱ्या जिवंत पेशी लागतात. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या माशाच्या पराच्या (कल्ल्याच्या नव्हे, पोहण्याच्या पंखाच्या) तुकड्यातून डीएनए वर्षानुवर्षे काढता येतो, गुणसूत्रे मात्र कधीच मिळत नाहीत. म्हणूनच दुर्मिळ जातींचे नमुने गोळा करणाऱ्या प्रत्येक सर्वेक्षणात, मासा जिवंत असतानाच त्याच्या वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) अग्रभागातील पेशी मिथेनॉल व ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात स्थिर करून शीतपेटीत ठेवण्याची तरतूद असावी. हे काम स्वस्त आहे, आणि अशा पेशी पुढे अनेक वर्षे काचपट्टीवर घेता येतात.

आपला विश्वासू,
पेशीजनुकशास्त्राचा एक अभ्यासक