आमची आजी गृहकृत्यदक्ष नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या आजीच्या निधनाची बातमी आली, फोटोसकट चार ओळी, त्यात ‘प्रेमळ व गृहकृत्यदक्ष’ असं छापलंय. चूक तुमची नाही, मजकूर काकांनी घाईघाईत दिलेला, तेव्हा कुणालाच काही सुचत नव्हतं. पण ते वाचून आम्ही नातवंडं त्या दिवसांतही हसलो, कारण आजी घरात सापडेल तर शप्पथ!

उजाडायच्या आत बाहेर. कुठे गेली विचारलं तर आई म्हणायची बघ कुठल्यातरी झाडाखाली मान वर करून उभी असेल, आणि असायचीच. घरकामाचा तिला कंटाळा होता, स्पष्टच सांगते. कितीदा दूध उतू गेलंय आणि ही दारात उकिडवी बसून मुंग्यांची रांग बघतेय.

घड्याळ कधी लावलं नाही. संध्याकाळी हात पूर्ण लांब करून बोटं आडवी धरायची आणि सूर्य ते क्षितिज किती बोटं बसतात ते मोजायची, एक बोट म्हणजे साधारण १५ मिनिटं, चार बोटं म्हणजे तास. तिची करंगळी वाकडी, बोटांमध्ये फट राहायची, त्यामुळे तिचा तास खऱ्या तासापेक्षा जरा लांबच असायचा पण खेळायला आम्हाला तो बरा पडायचा.

वीज चमकली की म्हणायची मोजा. गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद भागिले तीन, तेवढे किलोमीटर लांब. ३० च्या आत आवाज आला की मात्र सगळ्यांना हाकलत घरात आणायची, ती आपणहून घरात यायचं बहुतेक तेवढं एकच कारण. रात्री सप्तर्षीतल्या टोकाच्या दोन ताऱ्यांमधलं अंतर पाचदा पुढे न्यायला लावून तिने मला ध्रुव दाखवला होता. मी हिरमुसले, एवढा फिका? तर म्हणाली, असाच आहे गं तो, लोकांनी उगाच मोठा केलाय.

शेवटचे दोन महिने अंथरुणावरच होती. कॉट खिडकीपाशी हलवून घेतली, त्यावरून घरात वाद झाले, वारा लागेल वगैरे. एका संध्याकाळी तिने हात उचलला, थरथरत होता म्हणून मी कोपराला खालून आधार दिला, बोटं आडवी करून बघितली आणि म्हणाली, दोन. मी गुपचूप मोबाईलवर वेळ लावली. २७ मिनिटांनी सूर्य बुडाला.

तर जागा असेल तर दुरुस्ती छापा, ‘गृहकृत्यदक्ष’ काढून टाका. त्याजागी काय घालायचं यावर आमचं अजून एकमत नाही, काका म्हणतायत ‘निसर्गप्रेमी’, पण असले शब्द कानावर पडले की आजीच सगळ्यात आधी चपला घालून बाहेर पडायची.

आपली,
एक नात