झुरळाच्या ॲलर्जीची वायल कुठं ठेवायची?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीतला ॲलर्जीच्या इंजेक्शनांवरचा लेख वाचला, छान होता, पण ते औषध ठेवायचं कुठं यावर एक ओळसुद्धा नाही. माझं लातूरला मेडिकल आहे. दम्यासाठी मोठ्या शहरात टेस्ट करून आलेले पेशंट झुरळ, डास, माशी असल्यांपासून काढलेल्या अर्काच्या वायल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बाटल्या, घेऊन दुकानात येतात आणि मलाच विचारतात की ही ठेवू कुठं. एकाने तर "जास्त थंड बरं" म्हणून थेट बर्फाच्या कप्प्यात टाकली होती!

अहो, अर्क म्हणजे शेवटी प्रोटीन. त्याला २ ते ८ डिग्री लागतं, गोठलं तरी बिघडणार आणि एप्रिलच्या उन्हात एसटीत पिशवीत पडून राहिलं तर बोलायलाच नको. ५० टक्के ग्लिसरीनमधला अर्क बऱ्यापैकी टिकतो पण सलाईनमध्ये पातळ केला की लवकर उतरतो, म्हणजे त्याची ताकद कमी होते, जितका पातळ तितका लवकर, कारण त्यातलं थोडं प्रोटीन काचेलाच चिकटून बसतं. त्यामुळे मूळ बाटलीची एक्सपायरी या पातळ वायलला चालत नाही. झुरळाच्या अर्कात वर प्रोटीन तोडणारे एन्झाइम असतात, तो परागकणांच्या अर्काबरोबर एकाच वायलमध्ये घातला तर तो दुसरा अर्क खराब होऊ शकतो.

कातडीवरच्या ॲलर्जी टेस्टचा अर्क उतरलेला असेल तर ॲलर्जी असूनही गांधी उठत नाही, आणि टेस्ट नीट चालते का हे बघायला शेजारी लावलेल्या हिस्टामिनची गांधी मात्र व्यवस्थित उठते त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. पण मला जास्त भीती इंजेक्शनची वाटते. जुनी वायल उतरलेली, नवी ताजी, आणि डोस तेवढाच दिला तर जोरात रिॲक्शन येऊ शकते, म्हणून तर नवी वायल सुरू करताना जाणकार डॉक्टर डोस कमी करतात. घरी किंवा कंपाउंडरकडून टोचून घेणाऱ्यांना हे कोण सांगणार? इंजेक्शन दवाखान्यातच घ्यावं आणि अर्धा तास तिथंच बसावं.

वायलवर पातळ केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायची ती तारीख आणि ग्लिसरीन की सलाईन एवढं मराठीत लिहून द्यायला काय हरकत आहे? सोबत आईस पॅक पण द्या, फक्त वायल त्याला चिकटून ठेवू नका. अन्न व औषध प्रशासनाने यात लक्ष घालावं ही विनंती.

– एक औषध विक्रेता, लातूर