खुले पत्र : नवजात बाळाची नोंद केवळ बेरजेपुरती नको

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

प्रसूतीच्या केसपेपरवर अपगार स्कोअरसाठी, म्हणजे जन्मल्याबरोबर बाळाची स्थिती गुणांत मोजण्याच्या पद्धतीसाठी, असलेला एकच रकाना बदलावा, एवढी विनंती करण्यासाठी मी, नवजात शिशू विभागात काम करणारी एक डॉक्टर, हे पत्र लिहीत आहे. विनंती लहान वाटेल. पण गर्भारपणावरचे कितीतरी संशोधन याच रकान्यावर उभे आहे.

भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा प्रसूतीच्या पद्धती, आईला दिलेली वेदनाशामके आणि बाळाला श्वास देण्याचे उपाय यांच्या परिणामांची तुलना करता यावी, हा त्यांचा हेतू होता. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चेतवल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग या पाच लक्षणांना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे आणि बेरीज मांडायची. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला ही बेरीज लिहिली जाते आणि तिथेच खरी माहिती हरवते.

पाचव्या मिनिटाला ६ गुण मिळालेली दोन बाळे डोळ्यांसमोर आणावीत. पहिले आठव्या महिन्यात जन्मलेले. ठोके उत्तम, पण श्वास, ताण, प्रतिसाद आणि रंग या चारही बाबतींत एकेक गुण, कारण त्याचे शरीरच अजून पुरते तयार झालेले नाही. दुसरे पूर्ण दिवसांचे, तोंडावर मास्क लावून पिशवीने श्वास दिला जात असलेले. ठोके आणि रंग यांचे पूर्ण गुण, ताण आणि प्रतिसादाचा एकेक, आणि स्वतःच्या श्वासाचे शून्य. त्याचा गुलाबी रंग त्याचा स्वतःचा नाही, पिशवी दाबणाऱ्या हाताचा आहे. कागदावर मात्र दोघेही ६. आईचा रक्तदाब किंवा रक्तक्षय यांचा बाळावर काय परिणाम झाला, हे अशा नोंदींवरून शोधणाऱ्या संशोधकाने या दोघांना वेगळे कसे ओळखावे?

या गुणांना अर्थ नाही, असे मला म्हणायचे नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, पाचव्या मिनिटाला ० ते ३ गुण असलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी हजारी २४४ बाळे पहिल्या २८ दिवसांत दगावली, तर ७ ते १० गुण असलेल्यांत हे प्रमाण हजारी ०.२ होते. फरक प्रचंड आहे. तरीही त्या पहिल्या गटातली हजारातली ७५६ बाळे जगली, म्हणूनच एखाद्या बाळाचे भविष्य या एका आकड्यावरून आईला सांगणे चुकीचे आहे.

म्हणून पाचही लक्षणांचे गुण स्वतंत्र लिहावेत आणि त्या क्षणी बाळाला कोणती मदत चालू होती, हे शेजारीच नोंदवावे. पाचव्या मिनिटाचे गुण ७ पेक्षा कमी असल्यास विसाव्या मिनिटापर्यंत दर पाच मिनिटांनी पुन्हा मोजावेत, आणि ते ५ किंवा त्याहून कमी असल्यास नाळेतील धमनीच्या रक्ताची तपासणी व्हावी. श्वास कोंडल्याचे निदान केवळ गुणांवरून करता येत नाही. गुण देणारी व्यक्ती बाळाला श्वास देणाऱ्यांपैकी नसावी. हात गुंतलेले असले की नोंद नंतर आठवून होते. एकाच शाईत, एकाच हाताने सलग लिहिलेले ‘८’ आणि ‘९’ मी असंख्य केसपेपरांवर पाहिले आहेत.

आणखी एक, आणि मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. कमी गुणांची टक्केवारी कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनाला कृपया जोडू नये. खुलासा मागितला जाणार असेल, तर ६ चे ७ व्हायला वेळ लागत नाही, आणि मग ज्या बाळाकडे सर्वांत आधी लक्ष जायला हवे, तेच नोंदीत निरोगी ठरते.

नवा नमुना आधी काही मोजक्या प्रसूतिगृहांत वापरून पाहावा आणि तो ठरवताना प्रसूतिकक्षातील परिचारिकांना बैठकीस बोलवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
नवजात शिशू विभागातील एक डॉक्टर