मूळ फाइल पुसायला सांगू नका

माननीय संपादक,
स.न.

गणपतीच्या तोंडावर आपल्या रविवार पुरवणीत घरच्या व्हिडिओंवर अर्ध्या पानाचा मजकूर आला होता. सगळ्या फाइल एमपीफोरमध्ये कन्व्हर्ट करून घ्या आणि जागा वाचवायला मूळ फाइल काढून टाका, असा त्यात सल्ला होता. वेंगुर्ल्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, जत्रेतले दहीकाले, म्हणजे रात्रभराची दशावतारी नाटकं, यांचं शूटिंग आणि एडिटिंग हा आमचा रोजचा धंदा. त्या अनुभवावरून सांगते, या सल्ल्याचा पहिला भाग बऱ्याचदा बिनकामाचा आहे आणि दुसरा घातक.

चतुर्थीला चाकरमानी गावी आले की घरोघरी एकच टूम निघते. काकांची कॅसेट, मुंबईच्या भाच्याचा आयफोन, शेजारच्या मुलाचा साधा मोबाइल, सगळं जोडून आरती-फुगड्यांची एक फिल्म करायची. मग कोणीतरी पेनड्राइव्ह घेऊन काउंटरवर उभं राहतं, "बाय, माज्या लॅपटॉपार ह्या चलना नाय, जरा एमपीफोर करून दी." फाइल उघडून बघावी तर आत एच-२६४ च असतं, म्हणजे बहुतेक एमपीफोरमध्ये असतं तेच. फक्त बाहेर एमकेव्ही किंवा कॅमेऱ्याचं एमटीएस असतं. पेटीवर 'देवगड हापूस' छापलंय म्हणून आत देवगडचाच आंबा असतो असं नाही, हे आपल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. एमपीफोर, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय या पेट्या. आतला माल म्हणजे एच-२६४, एचईव्हीसी, एमपेग-२ वगैरे, चित्र दाबून साठवायच्या पद्धती.

पेटी बदलायला माल हलवावा लागत नाही. 'लॉसलेसकट' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो चित्राला हात न लावता तासाभराची फाइल मिनिट-दोन मिनिटांत एमकेव्हीतून एमपीफोरमध्ये घालून देतो. त्याच्या पोटात एफएफएमपेग आहे, २००० सालापासून चालत आलेलं. आम्ही धंदेवाले तेच थेट वापरतो आणि त्याला 'कॉपी' म्हणून सांगतो. कॅमेऱ्याच्या एमटीएस फाइलमधला एसी-थ्री पद्धतीचा आवाज काही एडिटिंग प्रोग्रॅमना कळत नाही. तिथेही चित्र तसंच ठेवून एकटा आवाज बदलता येतो. नुसती फाइलच्या नावातली टिंबापुढची अक्षरं बदलणं म्हणजे मात्र यातलं काहीच नव्हे. हे सांगावं लागतं, कारण तसं करून आणणारे भेटतात.

खरं कन्व्हर्जन म्हणजे चित्र उलगडून पुन्हा नव्याने दाबणं. दर वेळी दाबताना डोळ्याला जाणवणार नाही असं वाटणारं काहीतरी फेकलं जातं, आणि फेकलेलं परत येत नाही. पहिल्या खेपेला कळत नाही. दहीकाल्याचं रेकॉर्डिंग घ्या. मागे काळोख, पुढे दशावतारातला असुर संकासुर, तोही डोक्यापासून पायापर्यंत काळा. मूळ फाइलमध्ये त्याच्या कपड्याची चूण दिसते, हात उचलला की काखेतली सावली दिसते. तीच फाइल कोणी एकदा कन्व्हर्ट केली, मग व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, मग फिल्म करताना पुन्हा दाबली की काळ्याचे चौकोन चौकोन होतात आणि संकासुराची नुसती जीभ तेवढी ओळखू येते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. मंडळांनी, देवस्थान समित्यांनी कलाकारांना रेकॉर्डिंग देतानाही तसंच द्यावं. रात्रभर नाचणाऱ्या माणसाला स्वतःचं काम धड बघायला मिळू दे.

आता, कन्व्हर्ट करावंच लागतं अशा जागाही आहेत आणि त्या पुरवणीत आल्याच नाहीत. सगळ्यात मोठी डोकेदुखी मोबाइलची. मोबाइल सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की आकडा खालीवर होतो. प्लेअरमध्ये हे चालून जातं. एडिटिंगमध्ये घेतलं की सुरुवातीला टाळ बरोबर वाजतात, 'घालीन लोटांगण'पर्यंत हात आधी आणि आवाज मागून. लोक आवाज ओढून ओढून जुळवत बसतात, पुढच्या कडव्याला परत घसरतो. अशी फाइल आधी ठरावीक फ्रेमरेटला कन्व्हर्ट करून मगच एडिटिंगला घ्यावी. हँडब्रेक या फुकट प्रोग्रॅममध्ये व्हिडिओच्या पानावर 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडायचं, तयार सेटिंगवर विसंबायचं नाही, कारण ते बहुतेक 'पीक'वर, म्हणजे बदलत्या फ्रेमरेटवर, असतं. शेजारी आरएफचा आकडा असतो, तो जितका लहान तितकं चित्र चांगलं. फुल एचडीला मी २० ठेवते, कॅसेटवरच्या चित्राला १८.

दुसरं, आयफोन. २०१७ पासून तो एचईव्हीसीत शूट करू शकतो. फाइल लहान होते, पण जुना लॅपटॉप एडिटिंगला गुडघे टेकतो. कारण यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, आधीच्या-नंतरच्या फ्रेमवरून ती काढावी लागते, आणि आपण मध्येच कात्री लावली की बिचारा सगळा हिशेब पुन्हा मांडतो. त्यावर फाइल कन्व्हर्ट करण्यापेक्षा प्रॉक्सी करा. शॉटकट, केडेनलाइव्ह, दाविंची रिझॉल्व्ह, तिघांतही ती सोय आहे. हलक्या नकलेवर कापाकापी करायची, शेवटची फिल्म मात्र मूळ फाइलवरून निघते. म्हणजे मूळ फाइल हवी. ती तर पुरवणीने पुसायला लावली!

कॅसेटचं दुखणं आणखी वेगळं. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या कॅसेटवर सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींत. जुन्या टीव्हीवर ते छान दिसायचं. कॉम्प्युटरवर फुगडी घालणाऱ्या बायांचे हात आडव्या रेघांनी चिरलेले दिसतात. डीइंटरलेस केलं, म्हणजे त्या अर्ध्या भागांतून पूर्ण फ्रेम बनवल्या, की ते जातं. पण आकार लहानमोठा करण्याआधी करायला हवं, नाहीतर रेघा चित्रात कायमच्या बसतात. आमच्या एका गिऱ्हाइकाने लग्नाची कॅसेट शहरातल्या एका दुकानात दिली. 'फुल एचडी एमपीफोर' करून मिळालं. ४:३ चं चित्र ताणून १६:९, सगळं वऱ्हाड रुंद, शिवाय त्या रेघा. व्हीएचएसमध्ये मुळात नसलेला तपशील फुल एचडी म्हटल्याने कुठून येणार? ताणलेलं मी सरळ करून दिलं, रेघांना इलाज नव्हता. कॅसेट असती तर नव्याने घेतलं असतं. ती 'काम झालं' म्हणून दुकानानेच टाकून दिली होती.

तेव्हा कॅसेट टाकू नका. आपल्याकडच्या पावसात तिला बुरशी येते हे खरं. पांढरे ठिपके दिसले तर ती प्लेअरला लावू नका, प्लेअरही जाईल. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६ साली थांबली, तेव्हा चालू प्लेअर असेल तर त्यालाही जपा. मिनीडीव्ही, म्हणजे कॅमेऱ्याची छोटी डिजिटल कॅसेट, असेल तर फायरवायर केबलने ती जशीच्या तशी उतरते, तासाला साधारण १३ जीबी. ती फाइल ठेवा, वाटायला लहान एमपीफोर वेगळी करा.

आणि एक, जे पुण्या-मुंबईच्या लेखकाला सुचणार नाही. भाद्रपदात आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. अनेक प्रोग्रॅम एमपीफोरची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहितात. अर्ध्यात लाईट गेली तर तीन तासांचं काम उघडतच नाही. एमकेव्हीत लिहायला लावलं तर जिथवर झालं तिथवरचं बहुधा उघडतं. पूर्ण झाल्यावर एमपीफोरच्या पेटीत भरायला मिनिट पुरतं.

पुरवणीत दुरुस्ती छापायची तर कृपया चतुर्थीआधी छापा, नंतर उपयोग नाही. आणि आमच्याकडे फाइल न्यायला येणाऱ्यांनी पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून आणावा, फॅट-३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. शक्यतो रिकामा आणावा. दर वर्षी कोणाचे तरी फोटो हलवून जागा करण्यात आमची अर्धी सकाळ जाते.

आपली,
एक स्टुडिओवाली,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग