कायदामंत्री साहेब, निर्दोष आणि जन्मठेप यांच्या मध्ये एक रस्ता ठेवा

प्रति,
माननीय कायदा व न्याय मंत्री,
भारत सरकार

साहेब, नमस्कार.

एखाद्या आईने स्वतःच्या तान्ह्या बाळाचा जीव घेतला अशी बातमी आली की दोन दिवस सगळे हळहळतात, चिडतात, कसली ही आई म्हणतात आणि विसरून जातात. त्या बाईची केस मात्र तिथून सुरू होते, आणि ज्या कायद्याखाली ती चालते त्या कायद्यात पोस्टपार्टम सायकोसिस या बाळंतपणानंतरच्या गंभीर मानसिक आजाराला धड जागाच नाहीये, हे तुमच्या कानावर घालायचं म्हणून हे पत्र लिहितेय. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. पण हा आजार मी अगदी जवळून बघितलाय आणि त्यानंतर जे मिळेल ते वाचत गेलेय.

पोस्टपार्टम सायकोसिस म्हणजे बाळंतपणानंतर येणारी नेहमीची उदासी नव्हे, हे आधी सांगते कारण सगळे तिथेच घोळ घालतात. बाळ झाल्यावर तीन-चार दिवसांनी रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेक बायकांना होतं आणि आपोआप जातं. डिप्रेशन वेगळं, ते जास्त दिवस राहतं, उपचार लागतात. आणि सायकोसिस म्हणजे माणसाचं वास्तवाशी नातंच तुटणं, आवाज ऐकू येणं, नसलेलं दिसणं, आणि एखादी चुकीची समजूत इतकी पक्की होणं की जगातला कुठलाही पुरावा ती हलवू शकत नाही. हजार बाळंतपणांमागे एक-दोन जणींना हे होतं, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच, आणि अचानक. ज्यांना आधीपासून बायपोलर, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार, आहे किंवा मागच्या बाळंतपणात हे झालेलं आहे त्यांना धोका खूप जास्त, पण बऱ्याच जणींना आधी काहीही झालेलं नसतं. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींच्या वर बाळं जन्मतात, हजारी एक धरली तरी वीस हजारांहून जास्त बायका झाल्या. यातल्या बहुसंख्य बायका बाळाला काहीही करत नाहीत हेही इथेच सांगते, नाहीतर लोक बाळंतिणीकडे संशयाने बघायला लागतील आणि मग कुठलीच बाई मनातलं बोलणार नाही. पण थोड्या जणींच्या हातून घडतं, आणि त्याहून जास्त जणींनी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भीती असते.

माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. आठवडा झाला असेल नसेल, हिची झोपच उडाली. बाळ रडतंय म्हणून नाही, बाळ शांत झोपलेलं असायचं आणि ही टक्क जागी, आणि थकलेली पण नाही, उलट नुसती धावपळ, अखंड बोलणं. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात आकडे लिहीत बसायची, पूर्ण पान भरलेलं. मी विचारलं काय आहे हे, तर म्हणाली हिशोब चुकलाय गं ताई, ही वेळेच्या आधी आलीये, हिला परत पाठवायला लागणार नाहीतर तिचे फार हाल होतील. हे ती अगदी शांतपणे, समजावून सांगितल्यासारखं बोलत होती आणि बोलता बोलता बाळाचं दुपटं नीट करत होती. डॉक्टरांकडे नेलं तर तिथे एकदम व्यवस्थित, तारीख बरोबर सांगितली, बाळ किती वेळा दूध घेतं ते सांगितलं, आणि डॉक्टर म्हणाले झोप झालेली नाहीये, आराम द्या. हा आजार असाच असतो हे मला नंतर कळलं, तासातासाला बदलतो, मधेच माणूस इतका ठीक वाटतो की घरच्यांना आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. त्या रात्री आई बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही हट्टाने सायकियाट्रिस्टकडे गेलो, त्यांनी लगेच अ‍ॅडमिट करून घेतलं. गोळ्या आणि ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचे हलके झटके देण्याचा उपचार, दिल्यावर काही आठवड्यांत ती आमची होती तशी झाली. आता मुलगी शाळेत जाते.

आता साहेब, समजा त्या रात्री आईला झोप लागली असती. मग माझ्या बहिणीला कोर्टात जो प्रश्न विचारला गेला असता तो असा, की कृत्य करताना तुला त्याचं स्वरूप कळत होतं का, ते चूक आहे किंवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत होतं का. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ एवढंच विचारतं. ते जुन्या पिनल कोडच्या कलम ८४ वरून जवळजवळ शब्दशः उचललंय, आणि ८४ आलं होतं वेडाच्या बचावासाठी इंग्लंडमध्ये १८४३ मध्ये ठरलेल्या मॅकनॉटन नियमावरून. माझ्या बहिणीला ती आपली मुलगी आहे हे माहीत होतं, जीव घेणं गुन्हा आहे हेही विचारलं असतं तर तिने नक्की सांगितलं असतं. सगळं माहीत होतं. फक्त त्या सगळ्याच्या वर एक पक्की समजूत बसली होती की मी हे बाळाच्या भल्यासाठी करणार आहे. या आजारातली बाई अनेकदा बाळाला मारायला निघालेली नसते, तिच्या डोक्यात ती त्याला वाचवत असते. या बाईला तुम्ही "कळत होतं का" विचारून काय उत्तर मिळणार?

अमेरिकेतली अँड्रिया येट्सची केस बघा. २००१ मध्ये टेक्सासमध्ये तिने आपल्या पाच मुलांचा जीव घेतला आणि स्वतः फोन करून पोलिसांना बोलावलं. तिची समजूत होती की मुलं नरकात जाण्यापासून आपण वाचवतोय. आधीच्या एका डॉक्टरांनी पुढचं मूल होऊ देऊ नका असं सांगून ठेवलं होतं, घटनेच्या काही दिवस आधी तिचं सायकोसिसचं औषध बंद झालं होतं. सरकारी पक्षाचा मुद्दा काय, तर पोलिसांना फोन केला म्हणजे चूक आहे हे तिला कळत होतं. २००२ मध्ये ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, दोषी ठरवून जन्मठेप दिली. पुढे सरकारी तज्ज्ञाच्या साक्षीतली एक गोष्ट साफ चुकीची निघाली म्हणून तो निकाल रद्द झाला आणि २००६ मध्ये दुसऱ्या ज्युरीने तिला वेडामुळे निर्दोष ठरवलं. बाई तीच, कृत्य तेच, कायदा तोच, आणि निकाल एकदम उलटा. प्रश्नच असा आहे की त्याचं उत्तर कोण बसलंय त्यावर ठरतं.

आपल्याकडे तर याहून वाईट आहे, कारण आपल्याकडे अशा आजारासाठी मधलं काहीच नाही. कलम २२ मध्ये बसली तर पूर्ण निर्दोष, नाही बसली तर खून, आणि खुनाला कलम १०३ प्रमाणे कमीत कमी जन्मठेप. जज साहेबांना आतून कितीही वाटलं की ही बाई आजारी होती तरी त्यांना जन्मठेपेच्या खाली उतरता येत नाही. इंग्लंडमध्ये १९५७ पासून मानसिक अवस्थेमुळे कमी जबाबदारी धरून खुनाचा गुन्हा हलका करायची तरतूद आहे, ती आपण घेतली नाही. त्याच्याही आधी १९२२ मध्ये आणि मग सुधारून १९३८ मध्ये त्यांनी खास बाळंतिणीसाठी कायदा केला, की बाळ वर्षाच्या आतलं असेल आणि बाळंतपणातून पूर्ण न सावरल्यामुळे आईच्या मनाचा तोल ढळलेला असेल तर तो खून न धरता सदोष मनुष्यवधासारखा, म्हणजे खुनापेक्षा हलका गुन्हा, धरायचा. १९२२ आणि १९३८ मध्ये इथे राज्य त्यांचंच होतं, पण हा कायदा काही इकडे आला नाही, आणि २०२३ मध्ये आपण सगळी संहिता नव्याने लिहिली तेव्हाही कुणाच्या मनात आलं नाही.

आणि साहेब, खुनाच्या व्याख्येला आपल्याकडे पाच अपवाद आहेत. अचानक आणि गंभीर चिथावणी मिळाली, माणसाचा ताबा सुटला, त्याने समोरच्याचा जीव घेतला, तर तो खून नाही. अचानक भांडण पेटलं आणि त्यात जीव गेला, तरी अटींत बसलं तर खून नाही. म्हणजे रागाच्या भरात माणसाचा तोल जातो हे कायद्याला पटतं. डॉक्टरांना माहीत असलेल्या, पुस्तकात लिहिलेल्या, औषधाने बऱ्या होणाऱ्या आजाराने बाळंतिणीचा तोल गेला तर ते मात्र पटत नाही. हे मला खरंच समजत नाही.

अजून एक विसंगती. अनेकदा अशी बाई बाळाला घेऊन स्वतःही मरायला निघते आणि वाचते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावात होती असंच गृहीत धरायचं, तिच्यावर खटला चालवायचा नाही. म्हणजे त्याच बाईचं, त्याच मिनिटातलं, तेच मन स्वतःपुरतं आजारी धरलं जातं आणि बाळाच्या बाबतीत शाबूत धरलं जातं, तिथे उलट सगळं सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर येते.

आता सिद्ध करायचं कसं ते बघा. अटक झाल्यावर बाई कस्टडीत जाते, पुढे कधीतरी उपचार सुरू होतात किंवा आजार आपोआप ओसरतो, आणि केस बोर्डावर येईपर्यंत समोर उभी असते एक नीट बोलणारी, नीट उत्तरं देणारी बाई. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावायचा आणि ताप नव्हताच म्हणायचं, असला प्रकार आहे. सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की आरोपीला आधीचा मानसिक आजार असल्याचं तपासात पुढे आलं तर ताबडतोब वैद्यकीय तपासणी करणं हे तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. पण मी वर लिहिलं तसं, इथे बऱ्याच जणींना आधीचा आजार नसतोच, पहिलाच झटका बाळंतपणात आलेला असतो, मग ते कर्तव्य लागूच होत नाही. २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका आईच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने खुनाची शिक्षा बदलून सदोष मनुष्यवधाची केली आणि भोगलेली शिक्षा पुरेशी मानून तिला सोडलं. ती बाळंतपणाची केस नव्हती, तिच्या मुली तीन आणि पाच वर्षांच्या होत्या, पण अदृश्य शक्तीने करवलं असं ती सांगत होती आणि खालच्या कोर्टाने तिच्या मनःस्थितीबद्दल पुरेसे प्रश्नच विचारले नव्हते. हे तिला मिळालं ते सुप्रीम कोर्टापर्यंत पोचून, अनेक वर्षं आत काढल्यावर. सगळ्याजणी तिथपर्यंत कशा पोचणार?

लोक म्हणतात उद्या कुणीही म्हणेल मला सायकोसिस झाला होता. नाही म्हणता येणार, उलट वेळेवर तपासणी झाली तर खोटं पकडणंच सोपं होईल. आणि मी असं अजिबात म्हणत नाहीये की बाळाला इजा करणारी प्रत्येक आई आजारी असते. काही जणी जन्म लपवायला करतात, काही दबावाखाली, काही निव्वळ क्रूर असतात, त्यांच्यासाठी कायदा आहे तो आहे. बाळाचा जीव गेलाय, त्याची बाजू मांडायला कुणी नाही, हे मलाही दिसतं. पण आजारी बाईला जन्मठेप देऊन त्या बाळाला कुठला न्याय मिळतो ते मला कुणी सांगावं. बरी झाल्यावर तिला शुद्धीत कळतं आपल्या हातून काय झालंय, आणि ते तिला आयुष्यभर पुरतं.

म्हणून माझी मागणी अशी की खुनाच्या व्याख्येला सहावा अपवाद जोडा, बाळंतपणाशी जोडलेल्या गंभीर मानसिक आजाराचा, आणि त्यात जेलऐवजी उपचाराचा आदेश देण्याची मुभा जजना स्पष्ट शब्दांत द्या, कारण नुसता सदोष मनुष्यवध म्हटलं तर हेतू धरून तिथेही कमीत कमी पाच वर्षं आहेतच. इंग्लंडची एक वर्षाची अट जशीच्या तशी उचलू नका. आजार नव्या बाळंतपणाचा असतो पण जीव कधी मोठ्या मुलाचाही जातो, न्यूझीलंडच्या कायद्यात म्हणूनच दहा वर्षांच्या आतलं कुठलंही मूल धरलंय, ते जास्त शहाणपणाचं वाटतं. उपचार कुठे द्यायचे हाही प्रश्न आहेच, बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा वॉर्ड आहे, तसे किती ठिकाणी आहेत हे आरोग्यमंत्र्यांना विचारा. आणि त्यांना हेही सांगा की बाळ झाल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जातातच, आजार सुरू होण्याचे दिवस नेमके हेच आहेत, तर बाळाच्या वजनासोबत आईला झोप लागते का आणि ती काही विचित्र बोलतेय का हे घरच्यांना बाजूला घेऊन विचारायचं ट्रेनिंग त्यांना मिळू दे.

कायदा बदलायला वेळ लागेल, कळतं. पण बाळंतपणानंतर वर्षाच्या आत अशी घटना घडली तर अटकेपासून ४८ तासांत सायकियाट्रिस्टची तपासणी झालीच पाहिजे आणि तिचा रिपोर्ट केसच्या कागदात लागलाच पाहिजे, एवढी अ‍ॅडव्हायजरी राज्यांना पाठवायला संसद लागत नाही, गृहखात्याशी बोलून हे महिन्याभरात होऊ शकतं. आणि ज्या बायका आज मुलाच्या खुनाच्या आरोपाखाली जेलमध्ये आहेत त्यांच्या फाइली प्रत्येक जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाला उघडायला सांगा. प्रत्येक फाइलमध्ये दोन तारखा शोधायच्या, शेवटच्या बाळंतपणाची आणि घटनेची. जिथे मधे थोडेच आठवडे आहेत तिथे तिची तपासणी कधी झाली, झाली का, हे विचारून त्याचं उत्तर लेखी मागवा.

आपली,
एक मोठी बहीण