चहात गोळी घालू नका म्हणणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार. नाव घालू नकोस असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं ताई. पण हे पत्र चारचौघांसमोरच लिहायचं होतं. आमच्यासारखी दार लावून बसलेली घरं गावोगाव आहेत, त्यांच्यापर्यंत ते पोचावं.

दादा आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला असताना आजारी पडला. आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवतंय, जेवणात काहीतरी कालवतंय, असं म्हणायचा. गावानं ‘बाहेरचं’ ठरवलं. देवऋषी झाला, ताईत झाले, त्यात दोन वर्षं गेली. मग शहरातल्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, स्किझोफ्रेनिया. बाहेर रांग लागलेली, पाच मिनिटांत आम्ही चिठ्ठी घेऊन जिना उतरलो. ‘गोळ्या बंद करू नका’ एवढंच सांगितलं होतं. पण त्यानं घेतल्याच नाहीत तर काय करायचं, हे विचारायला कोणीच नव्हतं.

म्हणून आई गोळी कुटून चहात घालायची. खलबत्त्याचा आवाज नको म्हणून पदराखाली लाटण्यानं. चार-पाच महिने तसंच चाललं आणि एक दिवस दादानं घरचा चहा सोडला. पुढे जेवणसुद्धा आमच्या ताटातलं उचलून घ्यायला लागला.

मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेकडून तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा दादाच्या आधी आईकडे वळलात आणि विचारलंत, ‘रात्री झोप लागते का तुम्हाला?’ एवढ्या वर्षांत तिला हे कोणीच विचारलं नव्हतं. परातीतल्या पिठात हात तसाच ठेवून ती रडली. तुम्ही घाई केली नाहीत. मग चहाचं कळलं तेव्हा म्हणालात, ‘त्याला वाटतं घरचे काहीतरी कालवतात. आणि तुम्ही खरंच कालवताय. मग त्याचा संशय कसा जाणार?’

ताई, ते वाक्य ऐकून मी सुन्न झाले. त्याचा एवढा एक संशय आम्हीच खरा करून ठेवला होता.

त्यानंतरचे दोन महिने तुम्ही दर शनिवारी ओट्यावर त्याच्याशेजारी बसत होतात. गोळीचा विषयही न काढता. एकदा त्यानंच सांगितलं, गोळीनं हात थरथरतात, पाना धरता येत नाही. तुम्ही ते त्याच्याच शब्दांत कागदावर लिहिलंत, त्याला वाचून दाखवलंत आणि पुढच्या ओपीडीला तो कागद डॉक्टरांसमोर ठेवलात. औषध बदललं. आज दादा आपल्या हातानं पाकीट फोडून गोळी घेतो. त्याला एकट्यालाच ऐकू येणारे आवाज पूर्ण गेलेले नाहीत, पण आता तो त्यांच्याबद्दल आम्हाला सांगतो.

सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, १४४१६ या ‘टेलि-मानस’ मदत क्रमांकावर फोनही लागतो. हे सगळं हवंच. पण दवाखान्याच्या दारापासून आमच्या ओट्यापर्यंतचं अंतर तुमच्यासारख्या संस्थांची माणसं चालतात. दादाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला तुम्ही तीन खेपा घातल्यात, त्याही एसटीनं. तुमचं मानधन किती आहे हे मला चुकून कळलं, तेव्हा फार वाईट वाटलं. मध्ये प्रकल्पाचा निधी संपला तरी तुम्ही येत राहिलात. असल्या कामाला वर्ष-दोन वर्षांचा निधी देणाऱ्यांनी एकदा आमच्या ओट्यावर येऊन बसावं. माणसाचा विश्वास बसायलाच कित्येक महिने लागतात.

आमच्यासारख्या घरांच्या स्वमदत गटात तुम्ही शिकवलेले दोन शब्द आमच्या घरी रुळलेत. आजारातून जाणारा तो शुभार्थी, त्याला सांभाळणारा तो शुभंकर. ‘येडा’ ऐकत आलेल्या घराला हे शब्द केवढे वाटले असतील! डॉ. जगन्नाथ वाणींबद्दलही तिथेच कळलं. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत. पत्नीला हाच आजार, आणि त्या अनुभवातून त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. आई ते ऐकून म्हणाली, ‘एवढ्या शिकलेल्या घरातबी असतंय व्हय?’ त्या दिवशी परतताना एसटीत ती शेजारच्या बाईशी दादाच्या आजाराबद्दल आपणहून बोलली. अगदी आजाराचं नाव घेऊन. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, डोळे भरले होते म्हणून.

ताई, या शनिवारी गटाला मला यायला जमणार नाही, शाळेत पेपर तपासायचे आहेत. आई येईल. तिच्याबरोबर खालच्या वाडीतल्या एक काकू असतील, त्यांची सून बाळंतपणापासून कोणाशी बोलत नाही. त्या घाबरल्यात, गटात काही बोलणार नाहीत. आधी त्यांना झोप लागते का, तेवढं विचारा.

तुमची,
दादाची धाकटी बहीण