रोजची बस की हॉस्टेलची खाट

ताळगाव, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मुलीला, आपल्या बायला, गोवा विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला हे वाचून फार आनंद झाला. रसायनशास्त्र तिने स्वतः निवडले, याचा आनंद त्याहून मोठा. वहिनींना ती घरी हवी, तुला खर्चाची काळजी, आणि ती स्वतः काहीच बोलत नाही, असे तू लिहितोस. घर की हॉस्टेल याचे उत्तर किलोमीटरांत किंवा रुपयांत शोधू नकोस. तासांत शोध.

वाळपई ते पणजी साधारण ४५ किलोमीटर. ऐकायला हे फार नाही. पण तुमचे घर वाळपईच्या बाजारात नाही. वाड्यावरून वाळपई, तिथून होंडा, साखळी ही गावे करत पणजी, आणि पणजीच्या कदंब (गोव्याची सरकारी बससेवा) बसस्थानकावरून ताळगाव पठारावर जाणारी आणखी एक गाडी. तीन गाड्या, दोन बदल्या, आणि प्रत्येक बदलीला दहा-पंधरा मिनिटे. उंबऱ्यापासून विभागाच्या दारापर्यंत दोन तास धर. दिवसाचे चार, पाच दिवसांचे वीस, १५ आठवड्यांच्या सत्राचे ३०० तास. आता दुसरीकडे बघ. सत्राला २० क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजायची एकके, आणि थेअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे सगळे विषय थेअरीचे मानले तर वर्गातले तासही ३००च. जेवढा वेळ तिला शिकवले जाणार, तेवढाच ती गाडीत घालवणार. शिवाय प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास लागतात, तो थकवा वेगळा.

हा हिशोब कागदावरचा आहे, तो खरा करून घे. वर्ग सुरू होण्याआधी एखाद्या सोमवारी तिला पूर्ण फेरी करायला लाव. शनिवारी नको, शनिवारी गर्दी कमी असते. घर सोडले, वाळपईची गाडी सुटली, पणजीत उतरली, विद्यापीठाच्या फाटकाशी पोचली, या चार वेळा तिने वहीत टिपाव्यात. परतताना विभागातून साडेपाचच्या आत निघायचे नाही. रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके बहुधा दुपारची असतात आणि रिफ्लक्सवर (वाफ थंड करून परत भांड्यात आणत) उकळत ठेवलेली अभिक्रिया कधी कधी चार-पाच तास चालते, ती गाडीसाठी अर्धवट सोडता येत नाही. वाळपईहून तुमच्या वाड्याकडे जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते ते नीट विचार आणि तिथून उलटे मोजत ये. ती गाडी गाठायला तिला विभागातून कधी निघावे लागते? ती वेळ साडेपाचच्या अलीकडे आली, तर घरून ये-जा करण्याचा विचार तिथेच सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या मुलांना मी हाच सल्ला देणार नाही. त्यांना पणजीपर्यंत थेट शटल, म्हणजे मध्ये न थांबणारी बस आहे, खिडकीवर तिकीट काढायचे आणि बसायचे. एका बाजूला सव्वा तासाच्या आत आणि एकाच बदलीत काम होत असेल, तर घरचे जेवण आणि घरची झोप सोडायचे कारण नाही. कदंबचा विद्यार्थ्यांसाठीचा सवलतीचा मासिक पासही मिळतो. त्याला विभागाची सही-शिक्का लागतो, म्हणून पहिल्या आठवड्यातच अर्ज भरून ठेवायचा.

पावसाळा तुला सांगायला नको. पहिले सत्र नेमके त्यातच असते. वाळवंटी नदीला पूर आला की साखळीत वाहतूक अडते, सत्तरी तालुक्यातले सखल पूल पाण्याखाली जातात, झाड पडून रस्ता बंद होतो. प्रात्यक्षिक बुडले की ते भरून काढायला वेगळा दिवस मागावा लागतो आणि हजेरीही कापली जाते. ओल्या कपड्यांनी दुपारभर प्रयोगशाळेत उभे राहणेही बरे नव्हे.

घराबद्दल एक गोष्ट मनापासून लिहितो, रागावू नकोस. मुलगी घरी असली की ती मोकळीच आहे असे सगळे धरून चालतात. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी पंधरा दिवस घरात काय धांदल असते ते तू जाणतोस. काजूचा हंगाम मार्च ते मे, आणि दुसऱ्या सत्राची परीक्षाही त्याच सुमाराला. बागायतीत बोंडे गोळा करायला माणूस मिळत नाही, मग हाक तिलाच जाते. शेवटी ती घरीच राहिली, तर तिला वेगळे टेबल, वीज गेल्यावर चालणारा दिवा आणि रात्री आठ ते दहा कोणतेही काम न सांगण्याचा शब्द, एवढे तरी द्या. तो शब्द वहिनींनीच नाही, तूही द्यायचा.

आता हॉस्टेल. विद्यापीठाच्या आवारात मुलींसाठी वेगळे वसतिगृह आहे. जागा मोजक्या असतात, प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असे नाही. प्रवेशाची फी भरली त्याच दिवशी हॉस्टेलचा अर्जही द्यायचा. उशीर इथेच होतो. लोक आधी घरी चर्चा करतात, चवथ उरकतात आणि मग येतात, तोवर यादी भरलेली असते. अर्ज केला म्हणजे राहावेच लागते असे नाही, म्हणून निर्णय व्हायच्या आधीच अर्ज दे. फीची पावती, रहिवासी दाखला, आधारची प्रत, पासपोर्ट आकाराचे सहा-आठ फोटो आणि डॉक्टरचा दाखला एकाच फाइलीत ठेव. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थिनी आणि पालक या दोघांनाही द्यावे लागते, तो यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २००९ पासूनचा नियम आहे. त्यांची मोफत हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, हा क्रमांक तिच्या फोनमध्ये असू दे. मूळ गुणपत्रिका मात्र घरीच ठेवायच्या.

वॉर्डनला चार गोष्टी विचारून घे. संध्याकाळी किती वाजेपर्यंत आत यावे लागते आणि प्रयोगशाळेत उशीर होणार असेल तर कोणाचे पत्र चालते. मध्येच सोडले तर अनामत आणि फीपैकी काय परत मिळते. मेस रविवारी रात्री व चवथीत चालू असते का. आणि घरी गेल्यास मेसच्या पैशांत सूट मिळते का. ती सहसा आधी लेखी कळवल्याशिवाय मिळत नाही. अनामतीची पावती जपून ठेव, दोन वर्षांनी तीच शोधावी लागते.

सामानात सर्वांत जास्त चुका होतात. कापसाची गादी नको. ती पावसात ओल धरते आणि श्रावणापर्यंत खालून काळी पडते. काथ्याची पातळ गादी घे, खाटेचे माप आधी विचारून, आणि उघडीप मिळाली की ती उन्हात टाकायची. मच्छरदाणी हवीच, डेंग्यूचे दिवस असतात. कपडे आठ-नऊ जोड, लवकर वाळणारे. जीन्स एकच, कारण जुलैत ती तीन दिवस वाळत नाही. स्वतःचे कुलूप, त्याची एक किल्ली तुझ्याकडे. कपाट भिंतीला टेकलेले असेल तर चार बोटे पुढे ओढून घ्यायचे, मागे हवा खेळली की बुरशी कमी धरते. पाणी तापवायचा रॉड अजिबात देऊ नकोस. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो आणि खोलीतला साधा सॉकेट सहाचा असतो, त्यामुळे सॉकेट तापतो, तारा वितळतात. बंदी असते ती याचसाठी.

जेवणाचे तिला जड जाईल. उकड्या तांदळाची पेज तिथे मिळणार नाही, आणि नुस्त्याची (माशांची) कढी घरची ती घरचीच. सोलां (आमसुले), लोणचे, भाजलेले काजू, नाचणीचे लाडू घट्ट झाकणाच्या डब्यांतून दे. पिशवीत देऊ नकोस, एका रात्रीत मुंग्या लागतात.

खर्चाची तुलना करताना नुसता पास आणि हॉस्टेलची फी समोरासमोर ठेवू नकोस. घरच्या बाजूला बाहेरचे खाणे, चुकलेल्या गाडीपायी केलेली रिक्षा आणि तिला आणायला वाळपईला जाताना तुझ्या गाडीत घातलेले पेट्रोल लिही. हॉस्टेलच्या बाजूला दहा महिन्यांची मेस आणि महिन्यातल्या दोन घरफेऱ्या लिही. तफावत राहीलच, पण तुला वाटते तेवढी नसेल.

खोली मिळालीच नाही तर ताळगाव, सांताक्रुझ, बांबोळी भागात पेइंग गेस्ट मिळते. करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. विजेचा मीटर वेगळा आहे का आणि मे महिन्यात पाणी कुठून येते, हे आधी विचार. भाडेकरू पडताळणीचा अर्ज घरमालकाने पोलिस ठाण्यात द्यायचा असतो, तो द्यायला जो टाळाटाळ करील त्याची खोली नको. पर्वरीच्या मावशीकडे ठेवायचे असेल, तर महिन्याचे पैसे पहिल्या दिवशीच स्पष्ट ठरव. नात्यात पैसे मागितले जात नाहीत, आणि मग मुलीला प्रत्येक चपाती मोजून खावीशी वाटते.

ती हॉस्टेलवर गेली तर पहिले दोन शनिवार तिला घरी आणू नका. मैत्रिणी शनिवार-रविवारीच जोडल्या जातात, आणि दर शुक्रवारी पिशवी भरणारी मुलगी सहा महिन्यांनीही पाहुणीच राहते. तिसऱ्या आठवड्यात जरूर आणा. फोन रात्री एकदाच, ठरलेल्या वेळी. रूममेटशी पटले नाही तर खोली बदलायचा अर्ज लेखी द्यायला सांग, तोंडी तक्रार पुढे सरकत नाही. आजारी पडली तर बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचे इस्पितळ) जवळच आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या राज्य सरकारच्या आरोग्य विमा योजनेच्या कार्डाची प्रत तिच्याजवळ असू दे.

माझे मत हॉस्टेलच्या बाजूने आहे, निदान पहिल्या वर्षासाठी. पण हे पत्र आधी बायला वाचायला दे आणि तिला एकटीला बसवून विचार. वहिनी समोर असताना ती त्यांचे मन मोडणार नाही. सोमवारच्या फेरीतल्या चारही वेळा मला कळव. हॉस्टेलचा अर्ज मात्र त्यासाठी थांबवू नकोस, पुढच्या वेळी विद्यापीठात याल तेव्हाच देऊन टाक.

तुझा
मित्र